लाटण्यानं दाबायचं बटण

आप्पा, आज मी स्वयंपाकघरातलं बटण बसवलं. तुम्हाला मुद्दाम सांगावं असं यात काही नाही, पण दुसऱ्या कुणाला सांगावं असंही नाही. तुम्ही होता तोवर आपल्या घरात दिवा म्हणजे रॉकेलची चिमणी. दिवसभर गिरणीतले विजेचे दिवे सांभाळायचे आणि घरी येऊन चिमणीच्या काचेची काजळी पुसायची, असं तुमचं चालायचं. आता माझ्या दोन खोल्यांत वीज आहे. शेगडीजवळच्या भिंतीवरचं बटण हलायला लागलं होतं. ते ज्या लाकडी गोलावर बसवलंय, त्याचे स्क्रू भिंतीतल्या लाकडात धरत नव्हते. दाबलं की गोल मागे जायचा, सोडलं की पुढे यायचा, आणि आतून बारीक चरचर ऐकू यायची.

तुमची सून तुम्ही पाहिली नाही. ती अक्कलकोटकडची आहे. रागावली की मराठीत बोलते, घाबरली की कानडीत. एका सकाळी "अय्यय्यो" म्हणून तिनं हात झटकला. "मुंग्या आल्या हाताला, बटणातनं." मी म्हणालो, हात लावू नकोस, वायरमनला सांगतो. गल्लीतला वायरमन उद्या येतो म्हणाला, आणि त्याचा उद्या काही उजाडला नाही. तोवर हिनं आपली सोय करून घेतली. लाटण्याच्या टोकानं बटण दाबायचं. कोरड्या लाकडाला करंट धरत नाही, एवढं तिला ठाऊक आहे. "तुमच्या वायरमनपरीस माझं लाटणं बरं, बोलावलं की येतंय," असं वर म्हणायची. मी म्हणायचो, जपून. मी दिवसभर सगळ्याच गोष्टींना जपून म्हणतो, त्यामुळे ती आता ऐकत नाही.

परवा ती भाकरी थापत होती. हात ओले, पिठाचे. आभाळ आलं आणि आत अंधारलं. माझ्याशी बोलता बोलताच ती उठली, तव्याजवळचं हाताला लागलं ते उचललं आणि बटणाकडे निघाली. हातात लाटणं नव्हतं, लोखंडी उलथनं होतं. मी हातातला तांब्या फरशीवर टाकला. तो खणखणत कोपऱ्यापर्यंत गेला आणि ती थांबली. हातातल्या उलथन्याकडे बघून म्हणाली, "आवं, हे कुटनं आलं हातात?" आणि हसली. मला हसू आलं नाही. भीतीही वाटली नाही. सगळं दुसऱ्या कुणाच्या घरात चाललंय आणि मी खिडकीतून बघतोय, असं झालं. तसं मला त्याआधी एकदाच झालं होतं.

तुम्ही कशालाही आधी उलटा हात लावायचा. दाराची कडी, पाण्याचा हंडा, माझं कपाळ. आईनं, आपल्या अव्वानं, तव्यावरून काढलेल्या भाकरीलासुद्धा बोटांची मागची बाजू टेकवून मग ती उचलायचा. अव्वा चुलीपुढे बसलेली मला आताही दिसते, तिचं बोलणं ऐकू येतं. "भाकरी हाय ती, गिरणीतली इजेची पेटी न्हाय. चिकटून बसतीया व्हय तुमाला?" तुम्ही म्हणता, "सवय हाय." ती म्हणते, "मग सवयीनं अजून एक खावा की."

एकदा मी तुमचा डबा घेऊन गिरणीत आलो होतो. भिंतीवरच्या पेटीचं दार उघडं होतं. मी तळहात पुढे केला आणि तुम्ही मनगटावर असा फटका मारलात की डबा पडला. "तळहात लावतूस? करंट लागला की मूठ वळती, मग सुटत न्हाय. उलटा हात लाव. झटका बसंल, पर हात मागं येईल." मग डब्यातलं सांडलेलं कोरड्यास तसंच ठेवून तुम्ही मला फ्यूज काढून दाखवलात. पांढरा, चिनी मातीचा, मुठीत मावेल एवढा. "काम करायच्या आदी ह्यो काढायचा आन् आपल्याच खिशात ठिवायचा. पेटीवर न्हाय, दुसऱ्याच्या हातात न्हाय. ह्यो खिशात हाय तवर कुनी आपल्याला मारत न्हाय."

तुम्हाला घरी आणलं त्या दिवशी फ्यूज तुमच्या खिशातच होता. सदरा काढताना तो घरंगळत चटईवर आला. तुमच्याबरोबर काम करणारा एकजण दारात सांगत होता, त्या पेटीत नव्या इंजिनाची दुसरी लाईन आणून सोडली होती, तुम्हाला कुणी बोललंच नव्हतं. बायका रडत होत्या. मी फ्यूजकडे बघत होतो. त्याला तुमच्या खिशातली तंबाखूची पूड लागली होती. ती पुसावी की तशीच ठेवावी, एवढंच माझ्या मनात चाललं होतं. माझी शाळा तिथंच थांबली. पुढे मी मागावर लागलो, म्हातारपणापर्यंत गिरणीतच राहिलो, पण वायरीला कधी हात लावला नाही. लोक म्हणतात, हा सावलीलाही भितो. म्हणोत. सगळं नीट करणारा माणूसही घरी तसा येतो, हे त्यांनी पाहिलेलं नाही.

आज सकाळी हिला दाराबाहेरच्या ओट्यावर बसवलं. मीटरखालचा फ्यूज काढला आणि खिशात ठेवला. तुमचा फ्यूज मी एका डब्यात जपून ठेवलाय, तोही घेतला. मग नुसता उभा राहिलो. शेजारच्या विणकराची आणि आमची भिंत एकच. त्याची लाईन या भिंतीतून गेली असेल तर? मी त्याच्या दारात गेलो आणि म्हणालो, तुमचाही फ्यूज जरा काढा. घरात तो तेलुगू बोलतो, माझ्याशी मराठी.

"तात्या, बटण तुमचं हालतंय, आन् रेडिओ माझा का बंद?"

"थोडाच वेळ."

"गाणं तरी संपू द्या की."

गाणं संपेपर्यंत मी दारातच उभा राहिलो. त्यानं फ्यूज काढला, तेव्हा मी हात पुढे केला.

"आता ह्यो पण तुमालाच पायजे?"

"खिशात ठेवतो."

"ठेवा बाबा. बायको तेवढी माझ्याकडं राहू द्या."

ओट्यावरून ही म्हणाली, "खिसा फाटंल आता." खिसा खरंच लोंबत होता. चालताना तिन्ही फ्यूज एकमेकांवर आपटत होते.

बटणाला आधी उलटा हात लावला. काही नाही. पुन्हा लावला. मग झाकण काढलं. एका वायरीवरचं रबर हलून हलून सोलवटलं होतं आणि उघडी तार स्क्रूला टेकत होती. तिला पट्टी गुंडाळली. मग काडेपेटीतल्या काड्या घेतल्या, गुल मोडून टाकलं आणि स्क्रूच्या भोकांत एकेक काडी ठोकली. आपल्या दाराची कडी सैल झाली होती तेव्हा तुम्ही असंच केलं होतं. स्क्रू काडीत शिरला की हाताला कळतं, असं तुम्ही म्हणाला होतात. कळलं. गोल आता भिंतीला चिकटून आहे.

शेजाऱ्याला त्याचा फ्यूज परत दिला, तिकडे रेडिओ पुन्हा लागला. आमचा फ्यूज बसवून मी बोटाच्या मागच्या पेरानं बटण दाबलं. दिवा लागला. "लागला की," ही आत येत म्हणाली. "आता हात लावला तर चालतंय न्हवं?" मी हत्यारं गोळा करत होतो. "बघू," म्हणालो. दिवा बघून काही वाटेल असं मला वाटलं होतं. काही वाटलं नाही.

संध्याकाळी मी जेवायला बसलो तेव्हा ती उठली, लाटणं पदराला पुसलं आणि त्याच्या टोकानं बटण दाबलं. बटण मुळीच हललं नाही. आता हात लाव, म्हणायला हवं होतं. मी खाली बघून भाकरी मोडत राहिलो.

हा कागद पाठवायचा तरी कुठं? तुमच्या फ्यूजभोवती गुंडाळून डब्यात ठेवीन. काम तुम्ही सांगितलं तसंच केलंय, आप्पा, त्यात खोट नाही. तरी तिनं लाटणं उचललं, तेव्हा मला बरं वाटलं.