पूल ओलांडणारे: शून्य

६ जानेवारी, सोमवार

नवी वही. बर्नडीनने नाताळात दिली. म्हणाली, क्लेम, मला जे सगळं सांगत बसतोस ते यात लिहीत जा. बायकोने नवऱ्याच्या विचारांची एवढी कदर करावी, भाग्य लागतं.

संकल्प: साखर बंद. लिफ्ट बंद, जिना सुरू. रोज लिहायचं.

आमच्या हॉस्पिटलच्या संचालक ट्रम्बुलबाईंनी आज मोठं काम दिलं. चौथा मजला हृदयविकाराचा. नदीच्या या बाजूला, अख्ख्या खोऱ्यात, असा मजला एकच. तिथे आज अठ्ठावीस नर्सेस आहेत. आकडा अठराच्या खाली गेला की मजला बंद, असं मंडळाने ठरवलंय. जूनअखेर माझा रिपोर्ट हवा: आकडा टिकेल का. मी उभ्या उभ्या सांगितलं, टिकेल. बाई म्हणाल्या, आधी मोजा तरी. मोजायचं काय त्यात? बावीस वर्षं मनुष्यबळ नियोजनच करतोय. शिवाय बर्नडीन त्याच मजल्यावर एकतीस वर्षं नर्स आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

तळघरातल्या ऑफिसातून दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने गेलो. छातीत जरा दाटल्यासारखं झालं. गॅस.

१० जानेवारी, शुक्रवार

टियर्नी सोडून गेली. सव्वीस वर्षांची पोर. आमच्याकडे रीत आहे, जाणाऱ्याला शुक्रवारी दोन वाजता चौथ्या मजल्यावर केक. केकचा फॉर्म मंजूर करतो मी, त्यामुळे जावंच लागतं.

विचारलं कुठे चाललीस, तर म्हणे पूल ओलांडून, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात. हसू आलं. आमच्या खोऱ्यातला माणूस लग्नाला पूल ओलांडतो, मयताला ओलांडतो, कामाला नाही. माझे वडील चाळीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात होते, दोनदाच ओलांडला त्यांनी. एकदा सैन्यात जायला, एकदा परत यायला. पंधरा दिवसांत येईल मुकाट्याने.

केकच्या कोपऱ्यातला, साखरेचा गुलाब असलेला तुकडा मला दिला. नाही म्हणणं म्हणजे जाणाऱ्याचा अपमान. अपवाद.

सत्तावीस.

१७ जानेवारी, शुक्रवार

एक कल्पना सुचली. दर वेळी सुटा केक मागवण्यात किती धावपळ. टियर्नीचा झालेला धरून एकदम बाराची ऑर्डर दिली. वर 'शुभेच्छा', खाली नावापुरती जागा कोरी. चौथ्या मजल्यावरचा मोठा फ्रीजर रिकामाच असतो, त्यात बसतात.

बेकरीच्या मिसेस ह्राबोव्स्की म्हणाल्या, क्लेम, बारा जणं जाणार आहेत का रे? मी म्हटलं, कोणी जाणार नाही, ही फक्त तयारी. त्या म्हणाल्या, आमच्याकडे कोणी मेलं नसताना शवपेटी घरात आणून ठेवत नाहीत. जुन्या वळणाची बाई. नियोजन काय कळणार.

घरी सांगितलं. बर्नडीन बटाट्याचं सारण भरलेले पिएरोगी तळत होती. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पिएरोगी करपले. तिचं लक्ष नसतं हल्ली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दीड फूट बर्फ. बर्नडीनच्या गाडीची जागा मी फावड्याने मोकळी केली आणि स्वयंपाकघरातली जुनी खुर्ची तिथे मांडली. आमच्या गल्लीत खुर्ची मांडलेल्या जागेत परका माणूस गाडी लावत नाही. लावली तर चाकांत हवा राहत नाही.

दमून पायरीवर बसलो आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. खुर्ची आहे म्हणजे गाडी येणारच! नोकरीचंही तेच. जागा मांडून ठेवली की माणूस येणारच. म्हणजे मोजायच्या त्या जागा. माणसं काय, येत-जात असतात.

रिपोर्टला पाया मिळाला. तक्त्यातून नर्सेसची नावं काढून टाकली. नावं दिसली की मन हळवं होतं. कोण कुठे गेलं तो रकानाही काढला. त्याऐवजी एकच ओळ टाकली: पूल ओलांडणारे: शून्य.

छाती पुन्हा भरून आली. डावा हात जड. फावड्यामुळे. बर्नडीन दारातून बघत होती. म्हणाली, हे पोटाचं नाही, क्लेम, एकतीस वर्षं मी हेच बघतेय. मी म्हटलं, घरी तरी नर्स होऊ नकोस. तिने तरी डॉक्टरकडे नंबर लावला. पाच आठवड्यांनंतरचा मिळाला. तिथेही माणसं कमी म्हणे. लोक उगाच गर्दी करतात.

पंचवीस. नऊ केक शिल्लक.

७ मार्च, शुक्रवार

ईस्टरआधीच्या उपवासाचे चाळीस दिवस सुरू. या वर्षी साखर सोडली, देवाच्या साक्षीने.

दुपारी दोनला केक. देव समजून घेईल.

ओपल तिथे होती. एकसष्ट वर्षांची, मजल्यावरची सगळ्यात जुनी, तोंडाने फटकळ. मी सांगितलं की तक्ता उत्तम दिसतोय. ती म्हणाली, तळघरात बसून चौथ्या मजल्यावरच्या शेळ्या हाकतोस, एकदा वर ये आणि सात पेशंट एकटीने सांभाळून दाखव. मी एकाला पाणी देते तोवर दुसऱ्याचं यंत्र बोंबलतं, म्हणाली. मी नम्रपणे म्हटलं, मी नियोजनात आहे. ती म्हणाली, दिसतंय, गुलाब मिशीला लागलाय.

संध्याकाळी चर्चमध्ये उपवासाचं माशांचं जेवण. तिथे टियर्नीची आई भेटली. मी विचारलं, परत कधी येतेय पोर. ती म्हणाली, कशाला येईल, तिकडे तिला चारच पेशंट असतात, घरी येऊन रडत तरी नाही आता. आपला तो बाब्या. आईच ती.

चोवीस.

२० मार्च, गुरुवार

डॉक्टरची वेळ होती. रद्द केली. रिपोर्टचं काम. पुढची वेळ जुलैत.

बर्नडीनला अजून सांगितलं नाही. ती आजही लागोपाठ सोळा तास करून आली, बूट न काढताच झोपली. तिला कशाला ताप.

२५ एप्रिल, शुक्रवार

या महिन्यात चार केक. आज ओपलचा. तीसुद्धा पूल ओलांडतेय म्हणे, एकसष्टाव्या वर्षी! विरोध करण्याची सवय, दुसरं काय. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, बायकोचं ऐकत जा रे. हिचं नि बर्नडीनचं काय बोलणं झालं कोण जाणे.

मजल्यावर आता हॉस्पिटलने आभाराचा मोठा फलक लावलाय, 'आमचे वीर इथे काम करतात'. ट्रम्बुलबाईंनी सगळ्यांना पिझ्झाही दिला. दोन पेट्या तशाच उरल्या. भूक कमी झाल्याचं लक्षण. सगळे समाधानी आहेत.

एक पेशंट, म्हातारा गृहस्थ, बाहेर व्हरांड्यातच खाटेवर होता. मला म्हणाला, बेटा, मी पाऊण तास घंटी वाजवतोय. मी म्हटलं, आजोबा, जाहिराती दिल्यात. तो डोळे मिटून पडून राहिला. पटलं असावं.

माणसं वीस. जाहिरात दिलेल्या जागा सोळा. एकूण छत्तीस! जानेवारीत अठ्ठावीस होत्या. एवढी वाढ खोऱ्यात दुसऱ्या कुठल्या धंद्यात दाखवा.

१६ मे, शुक्रवार

केक, नेहमीप्रमाणे. अठरा.

जेवताना बर्नडीन पुलाबद्दल काहीतरी म्हणाली. हॉकीची मॅच रंगात आली होती. मी म्हटलं, पुलाचं काम ऑगस्टपर्यंत चालेल, तोवर एकच बाजू सुरू. ती म्हणाली, मी रस्त्याबद्दल बोलत नाहीये, तिसऱ्यांदा सांगतेय तुला. मी म्हटलं, ऑफिसचं असेल तर फॉर्म भरून पाठव, घरात ऑफिस नको. घराचे काही नियम असतात.

ती म्हणाली, बरं.

१९ मे, सोमवार

फॉर्मांचा गठ्ठा. अकरा मिनिटांत सगळ्यांवर सह्या. न वाचता सही करता येणं हा अनुभवाचा भाग.

३० मे, शुक्रवार

केकला उशिरा पोचलो. जिन्यावर तीनदा बसावं लागलं. तोवर केक संपत आला होता, नावही खाऊन झालं होतं. गुलाब मात्र माझ्यासाठी कोणीतरी ठेवला होता. खाल्ला. सगळे माझ्याकडे बघत होते. बर्नडीन खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभी. एकीने डोळे पुसले. मी दोन शब्द बोललो: जागा महत्त्वाची, व्यक्ती नव्हे. आणखी एकीने डोळे पुसले. माझं बोलणं आत भिडतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

अकरा गेले. फ्रीजरमध्ये एकच केक राहिला. म्हणजे बाराचा अंदाज किती अचूक!

माणसं सतरा. पण जाहिराती पंचवीस. एकूण बेचाळीस.

२ जून, सोमवार

बर्नडीन हल्ली पावणेसहालाच निघते. पूर्वी आम्ही बरोबर जायचो. म्हणाली, माझी वाट बघू नकोस. अंगात नवा गणवेश, गडद निळा. आमच्याकडे हिरवा असतो. काहीतरी सण असेल. या वयातही कामाचा एवढा उत्साह! बाकीच्यांनी हिच्याकडून शिकावं.

डबा विसरली, माझा. आठवण करून दिली तर म्हणाली, क्लेम, ब्रेड कुठे असतो ते माहीत आहे ना तुला? माहीत नव्हतं. शोधला.

३० जून, सोमवार

रिपोर्ट सादर केला. आलेख वर वर जाणारा, हिरव्या रंगात. बेचाळीस.

ट्रम्बुलबाईंनी विचारलं, यातली श्वास घेणारी किती? मी म्हटलं, सतरा. मंडळातल्या कोणीतरी चष्मा काढला. बाईंनी विचारलं, आणि ही ओळ कसली, पूल ओलांडणारे शून्य? मी वडिलांची गोष्ट सांगितली. बाई हळू आवाजात म्हणाल्या, घरी तरी विचारायचंत, मिस्टर वोयतास.

चौथा मजला उद्यापासून बंद. तात्पुरता. जागा शिल्लक आहेत, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. उरलेल्या सतरा जणींना इतर मजल्यांवर वाटून देणार. बर्नडीनला कुठे टाकतायत ते विचारायला हवं. ती झोपली होती.

९ जुलै, बुधवार

ट्रम्बुलबाईंचा फोन. फ्रीजरमध्ये एक केक उरलाय ना, शुक्रवारी दोनला तो खाली आणा, म्हणाल्या. कोणासाठी, विचारलं. म्हणाल्या, आणा तर. आवाज ओला वाटला.

माझा सत्कार दिसतोय. बावीस वर्षं! उशिरा का होईना.

संकल्प: स्वतःच्या सत्काराचा केक खायचा नाही. फार तर गुलाब.

११ जुलै, शुक्रवार, दुपारी दीड

त्या बाजूची लिफ्ट मजल्याबरोबरच बंद केलीय. हरकत नाही, जिना. चौथ्या मजल्यावर पोचलो. दिवे मालवलेले, फ्रीजर तेवढा चालू. रिकाम्या खाटा भिंतीशी ओळीने लावलेल्या, फलक तसाच. माझ्याच बुटांचा आवाज ऐकून दोनदा मागे वळून पाहिलं. घंट्यांच्या दोऱ्या नुसत्या लोंबतायत. इथे बसून लिहितोय. घाम फार आलाय. केक मांडीवर आहे, गार लागतोय, बरं वाटतं.

हात पुन्हा जड. गॅस. पाच मिनिटं बसतो आणि उतरतो.

१४ जुलै, सोमवार, संध्याकाळी पावणेसात

अक्षर वाकडं येतंय. बर्नडीनने ही वही आणून दिली.

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर पडलो. सफाईवाल्याला दिसलो तेव्हा केक छातीवर होता. खाली तातडीच्या कक्षात त्यांनी पाहिलं, म्हणाले, याला हृदयाच्या मजल्यावर न्या. मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तो मजला मी बंद पाडला होता.

अँब्युलन्स. पुलाची एकच बाजू सुरू. पुलावर बावीस मिनिटं उभे होतो. मला नदी दिसत होती.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा एक भाग मेलाय, तासभर आधी आला असतात तर वाचला असता.

शुद्धीवर आलो तर समोर टियर्नी. म्हणाली, काय मिस्टर वोयतास, ओलांडलात का पूल? चिडवलं, पण हात धरून चिडवलं. पलीकडच्या खोलीत ओपल आहे. मग गडद निळ्या गणवेशात बर्नडीन आली. सणाचा नव्हता तो.

मी विचारलं, सांगितलं का नाहीस. म्हणाली, तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तू म्हणालास फॉर्म भर. भरला. सही केलीस. माझ्या केकचा गुलाबही खाल्लास, क्लेम. रागावून नाही बोलली. रागावली असती तर बरं झालं असतं.

अठराची सतरा झाली ती तिच्यामुळे. म्हणजे माझ्या सहीमुळे.

जिन्यावर माझ्याबरोबर पडलेला बारावा केक कोणासाठी होता ते तिनेच सांगितलं. मजला नाही म्हटल्यावर नियोजन कसलं करणार? त्यावर माझं नाव लिहायचं होतं.

सुधारित अंदाज. पूल ओलांडणारे: बारा. मी धरून.

माझ्या खाटेसमोर पांढरा फळा आहे. पेशंट: क्लेमेंट वोयतास. नर्स: टियर्नी. आत्ता तिची पाळी संपली. तिने स्वतःचं नाव पुसलं आणि कोट घातला. मी विचारलं, रात्री माझ्याकडे कोण? ती म्हणाली, दोघी जणींनी गेल्या आठवड्यात सोडलं, वरून शोधतायत कोणीतरी, येईलच.

बर्नडीनची पाळीही संपली होती. ती म्हणाली, मी थांबते. टियर्नी म्हणाली, सोळा तास झालेत तुला, आणखी थांबायचा नियम नाही. बर्नडीनला उठताना दोनदा खुर्ची धरावी लागली. ती गेली.

मला भीती वाटते. हे लिहून ठेवतो, मला भीती वाटते.

घंटी उशाशी आहे. दोनदा वाजवली. फळ्यावर 'नर्स' लिहिलंय आणि पुढे जागा मोकळी आहे.