अजून रेस दे

तात्या, आज मला तुमचा राग आलाय. आई म्हणते, मेलेल्या माणसावर काय रागवायचं. पण तिला सगळं माहीत होतं आणि ती इतकी वर्षं गप्प राहिली, म्हणजे खरं तर तिच्यावरही रागवायला हवं. ते जमत नाही, कारण भाकरी तिच्या हातची खायची असते. त्या मानाने तुम्ही सोयीचे आहात.

झालं असं की लासुर्ण्याच्या एक बाई आहेत, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांची जुनी पांढरी पेट्रोल गाडी आपल्या गॅरेजला येते. स्वतः चालवतात आणि नवऱ्याला डायलिसिसला बारामतीत आणतात. त्या म्हणाल्या, इंजिनातून चिमणीसारखा आवाज येतो. मी बॉनेट उघडलं, कान दिला, मला काही चिमणीबिमणी सापडली नाही. पण असला आवाज म्हटला की तो बेल्टचाच, इंजिनाच्या तोंडाशी तीन-चार चाकांवरून फिरणाऱ्या त्या रबरी पट्ट्याचा. जुना काढला, नवा टाकला, म्हटलं, जावा बिनघोर. थोड्या दिवसांनी बाई परत, आवाज आहे तसाच. मग बेल्ट ताणून धरणारं चाक बदललं. बाई परत. या खेपेला त्यांनी आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून आणला होता. हल्ली हे एक नवीनच निघालंय तात्या, लोक गाडीचं दुखणं फोनमध्ये भरून आणतात. मी फोन कानाला लावला, तर नुसती इंजिनाची घरघर. "बाई, ह्यात कायबी आलेलं न्हाय," मी म्हटलं. बाईंनी फोन घेतला, स्वतःच्या कानाला लावला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा एकदा कानाला लावला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कळलं नाहीच, उलट डोकं फिरलं. दोन गाड्या खोळंबलेल्या, रस्त्यावरून उसाच्या जोड ट्रॉल्या गाणी लावून चाललेल्या, आणि ही एक गाडी मला पुन्हा पुन्हा तोंडावर पाडतेय. नवा बेल्ट, नवं चाक, सगळं हाताने बसवलेलं. मी गिऱ्हाइकांच्या देखत बाईंना म्हणालो, "आवाज गाडीत न्हाय बाई, तुमच्या डोक्यात हाय." बाईंचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "मिस्तरी, फळ्याकडं तोंड करून मागच्या बाकावरची कुजबुज ऐकत जन्म गेला माझा. मला कानांचं सांगू नका. रस्त्यात हा पट्टा तुटला आणि ह्यांना घेऊन मी उन्हात उभी राहिले, तर तुम्ही येणार आहात का?" एवढं बोलून त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि नवऱ्याचा हात धरून एसटीच्या थांब्याकडे चालू लागल्या.

ते बघून मला स्वतःचीच लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. गाडी चालू केली, बॉनेट उघडून आत ओणवा झालो, डोळे मिटले. काही नाही. फक्त इंजिन, आणि ते एकदम ठणठणीत. तेवढ्यात मागच्या पडवीतून, मेथी निवडत बसलेली आई ओरडली, "आरं, बंद कर की त्ये! किती चिवचिव लावलीय मघापासनं."

"कसली चिवचिव?"

आई उठून आली. ती आता ऐंशीच्या पुढे गेलीय तात्या, गुडघे धरून चालते. इंजिनासमोर उभी राहिली आणि बोटाने दाखवलं, "ही काय. चिकचिकचिक. तुला येत न्हाय?" मी नाही म्हणून मान हलवली. तिने हातातली मेथीची जुडी तशीच गाडीच्या पुढच्या कडेवर ठेवली आणि माझ्या तोंडाजवळ येऊन म्हणाली, "तुलाबी का रं?"

तो 'बी' मात्र मला पोचला. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. तिथेच टायरवर बसून आईने सांगितलं की साखर कारखान्याच्या वर्कशॉपात काम करून करून तुमचे कान गेले होते. आधी बारीक, चिरके आवाज गेले, मग माणसांची बोलणीसुद्धा अर्धीमुर्धीच पोचायची. तुम्ही तिला शपथ घातली होती. "गिऱ्हाईक तुटलं आसतं. बहिऱ्या मिस्तऱ्याकडं कोण गाडी आणील? आन पोरांनाबी सांगू नको म्हणायचे, पोरं हसतील."

हसलो असतो का आम्ही? कदाचित हसलो असतो. पण आमचं बाकीचं सगळं तरी चुकलं नसतं. आपल्या भागात कारखान्यात काम केलेला प्रत्येक माणूस मोठ्याने बोलतो, त्यामुळे तुमच्या ओरडण्याचा कुणाला संशयच आला नाही. आम्ही समजायचो, तात्या तापट आहेत. मागून हाक मारली की तुम्ही वळायचा नाहीत, आम्ही समजायचो, गुर्मी आहे. आता एकेक आठवतंय आणि एकेकाचा अर्थ बदलतोय, त्याने डोकं नुसतं भणभणतंय. सकाळची वेळ आहे, स्वयंपाकघरात आई चुलीपुढे बसलीय, पदर दातात धरून काहीतरी सांगतेय आणि तुम्ही ताट सरकवून खेकसताय, "तोंडातला पदर काढ आन बोल!" मी लहान आहे, मला वाटतं, बिचाऱ्या आईला पदरही धरू देत नाही हा माणूस. तुम्हाला तिचे ओठ दिसत नव्हते, एवढंच होतं ते.

आणि ती तुमची विद्या! गिऱ्हाईक आलं की तुम्ही त्याला समोर उभं करायचात, अगदी तोंडाजवळ तोंड, आणि म्हणायचात, "आवाज तोंडानं काढून दाव." पागोट्यातले म्हातारे बिचारे घुर्रर्र, खडखडखड करून दाखवायचे, आम्ही पान्यांच्या पेटीमागे तोंड दाबून हसायचो, आणि तुम्ही त्यांच्या ओठांकडे बघत गंभीरपणे मान हलवायचात. मी एकदा हौसेने सांगायला आलो, "तात्या, बेअरिंग वाजतंय." तुम्ही तेलकट फडकं माझ्या अंगावर फेकलंत. "वाजतंय म्हणून मला सांगू नको. हात लाव, मग सांग." मी पुण्यात कंपनीच्या मोठ्या वर्कशॉपला लागलो तेव्हा तिथल्या पोरांना ही गोष्ट किती अभिमानाने सांगितली माहितीय? आमच्या तात्यांना आवाज ऐकायची गरजच पडत नाही, ते हाताने ओळखतात! कपाळ माझं. गरज पडत नव्हती कशाची, सोय नव्हती. जाताना मला वाटलं होतं तुम्ही चांगला पान्यांचा सेट द्याल, तर तुम्ही गवंड्याचा दोरा दिलात, गुंडाळी करून. "चाकं एका रेषेत हायती का बघायला. कान फसत्यात, दोरा फसत न्हाय." मी एसटीत बसल्यावर तो पिशवीच्या तळाशी टाकला. पुण्यात हवेवर चालणाऱ्या बंदुका होत्या बोल्ट सोडायला, दिवसभर कानाशी तडतडायच्या. दोऱ्याला कोण विचारतो?

पुढच्या खेपेला बाई गाडी न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना सावलीत खुर्ची दिली आणि तुम्ही जे जन्मात केलं नाही ते केलं. म्हटलं, "बाई, माफ करा. मला हा आवाज ऐकूच येत न्हाय. माझं कान गेल्यात. तुमी ऐका, मी हात चालवतो." वाटलं, आता उठून जातील. बाई म्हणाल्या, "मग असं बोला की आधी. वर्गातसुद्धा ज्याला फळा दिसत नाही तो पोरगा असाच मारामाऱ्या करतो." आणि पर्स बाजूला ठेवून तोंडाने आवाज काढायला लागल्या, तात्या. चिक, चिक, चिक. मी रेस वाढवली की त्याही भरभर. एवढ्या मानी बाई, पण कसलाही संकोच नाही. मी चालू बेल्टवर बाटलीने जरा पाणी मारलं. बाईंनी बोट वर केलं, "थांबला." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आला परत." पाण्याने आवाज वाढला असता तर बेल्ट ढिला असता. थांबून परत आला, म्हणजे एखादं चाक रेषेबाहेर. गाडी बंद करून मी तुमचा दोरा काढला. होय, ठेवला होता, नळाच्या वायसरांच्या डब्यात. चाकांच्या तोंडावरून ताणून धरला, तर बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचं चाक त्या दोऱ्याला बाहेर ढकलत होतं. मग आठवलं, पहिल्या दिवशी काढलेल्या जुन्या बेल्टची एकच कड पिंजारलेली होती. मी ती डोळ्यांनी बघितली होती आणि जुना म्हणून फेकून दिला होता. तुम्ही बोट फिरवलं असतंत आणि तिथंच थांबला असतात.

बाईंनी सांगितलं, अल्टरनेटर मागे एकदा दुरुस्तीला इंदापुरात काढला होता. बसवताना त्याच्या पट्टीमागचा एक जाड वायसर दुसऱ्या बाजूला गेला होता. एक वायसर तात्या, आणि मी अख्खी गाडी बदलायला निघालो होतो. तो जागेवर बसवला, गाडी चालू केली. बाई ऐकत राहिल्या, मग पडवीकडे बघितलं. तिथून आई म्हणाली, "गेलं." दोघींच्या चेहऱ्यावरून मला कळलं. माझ्यासाठी आधीही शांतता होती आणि नंतरही तीच. इतक्या वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा असं झालं, गाडी बरी केली आणि मलाच ती बरी झालेली ऐकू आली नाही. गाडी गेल्यावर मी पत्र्याच्या मागे जाऊन थोडा रडलो. कानासाठी नाही, किंवा नुसतं कानासाठी नाही.

संध्याकाळी आईने आणखी एक गोष्ट सांगितली. ती सहज सांगून गेली आणि मला आता झोप नाही. म्हणाली, "त्येंना लई वाटायचं, तू हितं यावंस. मी म्हणायची, सांगा की त्याला. तर म्हणायचे, त्याच्या तोंडनं आलं पायजे. मी बोलावलं तर मोडता घातल्यासारखं व्हईल. शेवटपत्तूर म्हणत हुते, त्यो कदी म्हणलाच न्हाय."

म्हणालो होतो, तात्या. मी म्हणालो होतो.

दिवाळीला आलो होतो पुण्याहून. डाळजच्या कुणाची तरी जीप अंगणात उभी होती. तुम्ही बॉनेट उघडून इंजिनात वाकला होता, मला म्हणालात, आत बस आन रेस दे. मी सीटवर बसलोय, पायाखाली एक्सलेटर, समोर उघडं बॉनेट, त्यापलीकडे तुम्ही, मला दिसतात फक्त तुमच्या पायातल्या टायरच्या चपला. आणि मी खिडकीतून डोकं काढून म्हणतो, "तात्या, पुण्यात माझं मन लागत न्हाय. मी हितंच येऊ का, तुमच्या हाताखाली?" बॉनेटमागून तुमचा आवाज येतो, "अजून रेस दे."

मी रेस दिली. हेच उत्तर समजलो. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गेलो आणि पुन्हा तो विषय काढला नाही, फोनवरही नाही. आलो ते तुम्हाला खांदा द्यायला, आणि मग गॅरेजचं कुलूप उघडून इथेच राहिलो. इतकी वर्षं तुमच्या जागेवर उभा राहून मला वाटत आलं की तुम्हाला मी इथे नको होतो. एवढं ओझं वागवायला लावलंत तात्या, आणि कशासाठी, तर गिऱ्हाईक तुटेल म्हणून. लासुर्ण्याच्या बाई नाही तुटल्या. सांगायला किती वेळ लागला? एक वाक्य.

हे पत्राचं पाकीट कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, दोऱ्याच्या डब्यात राहील. बायको म्हणते, कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या की मी चुकतो, आता कानाच्या डॉक्टरकडे चला. जाईन. पण लिहिता लिहिता एक गोष्ट आठवली, ती आईला सांगणार नाही, तुम्हाला सांगतो. त्या दिवशी मी इंजिन चालू असतानाच बोललो, ते मुद्दाम. शांततेत मला ते म्हणवलं नसतं. ऐकू आलं तर आलं, नाहीतर राहिलं, असं मनात धरूनच बोललो. तुमचे कान धड असते तरी त्या धडधडीत किती पोचलं असतं, देव जाणे. आणि जीपची किल्ली माझ्या उजव्या हाताशीच होती.