रोल नंबरची कोरी जागा

माय,

सोमवारपासून माहं नवं सेमिस्टर सुरू होते. त्यासाठी तू देलेली वही आज कॉलेजच्या पायऱ्यायवर बसून उघडली.

शाळेतली खिचडी शिजवता शिजवता तू सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून परीक्षा देऊन, यंदा बारावी पास झाली. वाशिमले माह्याच कॉलेजात नाव टाकाचं म्हणून वह्यायले जुन्या कॅलेंडरचे कव्हर चढवले. मले म्हणली, "रीते, प्रवेशाची तारीख इचारून येजो वं."

मी इचारलंच नाई. घरी येऊन सांगतलं, "तारीख निघून गेली."

तू वह्या माह्यापुढं सरकवल्या. मंग म्हणली, "जाऊ दे, वह्या तुले कामी येतीन."

तू माह्यासंग एसटीत येशीन, पह्यल्या बाकावर बसून सरले मोठ्यानं प्रश्न इचारशीन आन पोरी माह्याकडे पाहून हासतीन, याचीच मले लाज वाटली. आता मले माहीच लाज वाटते.

वहीच्या पह्यल्या पानावर तुह्या अक्षरात हाय: 'उज्वला रामदास इंगोले, बी.ए. भाग एक, रोल नंबर.' त्याच्यापुढं जागा कोरी सोडली तू.

प्रवेशाची खिडकी माह्या समोरच हाय. आज शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंत. आता दोन वाजले. फोन केला तं तू आपल्या गावावरून, मेडशीवरून, एसटीनं चारपर्यंत पोचशीन. पण पह्यलं वाक्य काय बोलू? म्हणून तुह्याच वहीत लिहून राह्यली.

माय, पाच वाजले, खिडकी लावली त्यायनं.

'तारीख निघून गेली' म्हणलं होतं ना, आता मी तुह्याशी खोटं बोलली नाई.

तुही,
रीता