एकोणसाठ सालची बाटली

बोर्दो, ११ मार्च १९९१

प्रिय बाबांना, लांबूनच गालावर पापा.

मी मजेत आहे, पोटभर जेवते. आजारपणानंतर तुम्हाला वास येत नाही, म्हणून द्राक्षमळा विकायला काढलाय, असं आईने कळवलं. खरं का?

काल आमच्या मालकांनी पाहुण्यांसाठी एकोणसाठ सालची रेड वाइन उघडली. मेणबत्तीच्या उजेडात ओतली, गाळ दिसताच थांबले. सगळे वाहवा करू लागले. तुम्ही शिकवलंत तसा मी आधी नुसता वास घेतला. वाळलेला गुलाब होता, ओला पाचोळा होता, पण मागून ताजी चेरीही डोकावत होती, जी इतक्या जुन्या वाइनमध्ये उरत नाही.

मी म्हणाले, "बूच बदलताना हिच्यात नवी वाइन भरलीय."

"कालची पोर मला शिकवणार?" मालक कडाडले.

मी मान खाली घातली नाही. तेवढ्यात तळघर सांभाळणारे म्हातारे फेर्नां पुटपुटले, "मालक, बाटलीतली वाइन कमी झाली होती. बूच बदलताना मीच नवी भरली."

पाहुण्यांसमोर शोभा झाली म्हणून मालकांनी आज मला काढून टाकलं. आईला एवढ्यात सांगू नका.

मळ्याच्या कागदांवर सही करू नका, बाबा. तुम्हाला वास येत नसेल, मला येतो. शनिवारी घरी येतेय.

तुमच्यासारखीच हट्टी,
ओदिल