नापास केलेले फोटो

आई, तुझी पणती अकरा वर्षांची झाली आणि ती शाळेत जात नाही. तू असतीस तर आधी मला झापलं असतंस, मग तिच्या आईला. पण रोज सकाळी तिच्या पोटात कळ यायची. गणिताच्या बाई सगळ्या वर्गासमोर उभं करून उत्तर विचारायच्या आणि हिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही. मुलाने आणि सुनेने ठरवलं की घरीच शिकवायचं. सुनेने गणित आणि इंग्रजी घेतलं, मुलाने रविवारी विज्ञान, आणि मला विचारलं, "आई, तुम्ही काय घ्याल?" मी म्हटलं, फोटोग्राफी. दोघं हसले. भाईंदरच्या या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं की मी कॉलेजात असताना तुझ्याशेजारी बसून निगेटिव्हवरचे चेहरे दुरुस्त करत असे. सुनेची एकच अट होती. "आई, फक्त ओरडू नका हं तिला. तेवढ्यासाठीच तर घरी ठेवलंय." मी म्हटलं, मी ओरडत नाही, स्पष्ट बोलते.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनचा तास. कॅमेरा मुलाचा जुना. पहिला महिनाभर मी तिला बटणाला हात लावू दिला नाही. पातेल्याच्या काठावर उजेड कुठे थांबतो, पडदा अर्धा ओढला की तो कुठे सरकतो, हे नुसतं बघायला लावलं. तूही मला असंच बसवलं होतंस. मग दर तासाला दहा फोटो. ती कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर एकेक दाखवायची आणि मी पास-नापास सांगायची. "फोकस गेलाय. डिलीट कर." ती करायची. चेहऱ्यावर काही न दाखवता करायची, म्हणून मला वाटायचं, मुलगी कणखर होतेय. दिवाळीनंतर दहातले सात-आठ नापास व्हायला लागले. एकदा तिने गॅलरीतल्या दोरीवर किलबिलणारी इवली मुनिया टिपली होती. मी म्हटलं, "हे काय, नुसता धुरळा. हात हलतो तुझा." पुढे हळूहळू ती सुधारली. बादली, गॅसचा सिलिंडर, अर्धा कापलेला भोपळा, अशी एकच मोठी वस्तू बरोबर मध्यभागी. मी सुनेला सांगितलं, "आता जमायला लागलंय तिला."

गेल्या आठवड्यात तिला उत्तनला घेऊन गेले. बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत टांगलेले होते आणि एक कोळीण ते उलटे करत होती. मी फोटो काढू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काड की. पन बोंबलांचा काड, माजा कशाला? मी काय नवरी हाय?" आणि पदर सारखा करून उभी राहिली. नात वाकली, थांबली, एकच फोटो काढला. मी बघितला. चेहऱ्याच्या जागी पिवळट डाग. "किती वेळा सांगायचं? समोर माणूस उभं आहे आणि तुला फोकस धरता येत नाही? डिलीट कर." बाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. नातीचा अंगठा बटणावर गेला, तेवढ्यात कोळणीने तिचा हात धरला आणि पडदा स्वतःकडे वळवला. "काय गो बाय, पोरीला कशाला वरडतस? ह्या बघ, माज्या कानातल्या फुलाचा खडान् खडा दिसतो हाय. फोटू चांगला हाय. तुजंच डोलं गेलं!" बायका हसल्या. मी कॅमेरा हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला. मला कानही दिसत नव्हता, फूल तर दूरच.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. मुर्धा गाव मागे पडलं. मग विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. आधी मला वाटलं, मीच चुकतेय. मग आईच्या लॅपटॉपवर मोठा करून बघितला. तो चिमणीचा. तो मी डिलीट केला नव्हता."

"मुनियाचा. मग बोलली का नाहीस?"

"तू रागावली असतीस."

"आणि ती बादली, तो सिलिंडर?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते तुला दिसतात."

आई, शाळेतल्या बाईंनी तिची वाचा घालवली होती. मी तिची नजर घालवत होते, आणि त्याला सुधारणा म्हणत होते.

त्या दिवसापासून तू डोळ्यांसमोरून हलत नाहीस. गिरगावातली आपली दीड खोली, स्वयंपाकाच्या ओट्याला लागून खिडकीपाशी तुझं उतरतं डेस्क, खाली उजेड वर फेकणारा आरसा, वर फोटो स्टुडिओतून आलेली निगेटिव्ह. तू टोकदार पेन्सिलीने तीळ, मुरुमं, देवीचे वण भरून काढतेयस. डाळ शिजतेय, तुझी मान खाली आहे, आणि मी केलेली निगेटिव्ह तू उजेडात धरून म्हणतेयस, "हनुवटीवर राहिलंय बघ. लक्ष कुठे असतं तुझं?" मी बघते. हनुवटी स्वच्छ आहे. पहिल्यांदा मी वाद घातला, तेव्हा तू पेन्सिल भिरकावलीस. त्यानंतर मी शहाणी झाले. निगेटिव्ह परत घ्यायची, दहा मिनिटं तिच्यावर न टेकवता नुसती पेन्सिल फिरवायची आणि तुला द्यायची. तू म्हणायचीस, "आता कसं!" कॉलेजच्या पायऱ्यांवर मी मैत्रिणींना तुझी नक्कल करून दाखवायची.

आणि तू तुझ्या वाट्याच्या निगेटिव्हवर, फक्त तुझ्या डोळ्यांत असलेले ठिपके भरत राहिलीस. निगेटिव्हवरची पेन्सिल छापताना पांढरी उमटते. एके दिवशी स्टुडिओवाले स्वतः तीन जिने चढून आले आणि पाकीट ओट्यावर ठेवलं. स्थळांना दाखवायला काढलेला एका मुलीचा फोटो होता. "बाई, मुलीच्या गालावर कोड उठवलंत तुम्ही. तिच्या वडिलांना काय सांगू मी?" तू फोटो खिडकीपाशी नेलास, जवळ धरलास, लांब धरलास. "कुठे?" म्हणालीस. मग माझ्याकडे वळलीस. "तू बघ गं." पांढरे चट्टे मला दारातून दिसत होते. मी म्हटलं, "हो, आहेत." परक्या माणसासमोर एवढंच म्हटलं. तू परत त्या डेस्कला बसली नाहीस. आपला हात गेला, असंच तू शेवटपर्यंत समजत होतीस. मला ते त्या दिवशीच पहिल्यांदा कळलं, असंही समजत होतीस.

मला वर्षभर आधीपासून माहीत होतं. भीतीने गप्प बसले, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले आणि ते अर्धंच खरं आहे. ऊठसूट माझ्या चुका काढणारी तू चुकतेयस आणि हे फक्त मला ठाऊक आहे, याची मला मजा वाटत होती. नातीचं तसं नाही. ती माझ्यासाठी घरभर मोठ्या वस्तू शोधत फिरली.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. त्यांनी विचारलं, "कधीपासून अंधुक दिसतंय?" मी म्हटलं, "झाला असेल महिना." सून बाहेर पैसे भरत होती. नात माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली बघायला लागली. तिला दिवाळी आठवत होती. माझ्या खोटेपणावर तिने पांघरूण घातलं, आणि ते तिला मीच शिकवलं. सुनेला उत्तनचं अजून काही कळलेलं नाही. तिला वाटतं, आई फोटोग्राफी छान घेतात.

उद्या शुक्रवार आहे. तीन वाजता ती कॅमेरा घेऊन समोर बसेल. चुकलं माझं, हे मी तिला कसं म्हणू? आपल्या घरात कोणी कोणाला तसं म्हटलेलं मी ऐकलं नाही. तू मला नाही, मी माझ्या मुलाला नाही. जेवणाआधी दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा जरा रागावल्यासारखंच आलं.

हे पत्र मी अंदाजाने लिहितेय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, काही शब्द राहिलेही असतील. पाठवायचं तर नाहीच, पण मला ते परत वाचताही येणार नाही. वाचून दाखव, असं ज्या माणसाला सांगायला हवं, ते बाहेरच्या खोलीत बसून गणित सोडवतंय. मी तिला अजून हाक मारलेली नाही.