बंगल्यातल्या दूर्वा

बुलढाणा, वैशाख

प्रिय सोजरा,

आधी उठ आणि ओल्या फडक्यात गुंडाळून नेलेली ती दूर्वांची जुडी जमिनीत पूर. शेळीपुढे टाकू नकोस. रस काढला असशील तर ओतून दे. मग बसून पुढचं वाच.

परवा निघताना सरकारी बंगल्याच्या हिरवळीतून उपटून नेलीस, तीच जुडी. तुझे भावजी तिथले माळी, म्हणून तुला कोण अडवणार? पण यंदा त्या हिरवळीत आंबुशीचं तण माजलं आहे. पहिल्या वर्षी आंबुशी तणनाशक औषधाच्या फवाऱ्यानं करपून जायची. जी मेली ती मेली, जी उरली तिचंच बी सगळीकडे पसरलं, आणि आता तिच्यावर औषध चालतच नाही. नवं राज्य झाल्यापासून पाहुण्यांचा राबता वाढलाय, त्यात मंत्री यायचे. यांनी औषध दुप्पट केलं, मग तिप्पट. खुरपून काढा म्हटलं तर म्हणाले, "मूळ तुटून राह्यते अन् चौफेर फुटते, काय करू?" हरळीला, म्हणजे आपल्या दूर्वांना, मात्र त्या औषधानं काही होत नाही. ती हिरवीगार. म्हणून तर तुझा हात तिकडे गेला, आणि माझाही.

काल कचरूचा घोळणा फुटला. आई आपल्या नाकात दूर्वांचा रस पिळायची, तेच आठवलं. धावत जाऊन मूठभर आणल्या, वाटल्या, नाकात थेंब सोडले, उरलेला रस पाजला. रक्त थांबलं. केवढं बरं वाटलं मला! संध्याकाळी यांनी हिरवा पाटा पाहिला, दूर्वा कुठल्या विचारलं आणि त्यांवर औषध मारलंय असं सांगत पोराला उचललं.

दोन लेकरं गेल्यावर हा झाला, म्हणून नाव कचरू ठेवलं. पोराला उलट्या झाल्या, आता नुसता पडून आहे. डॉक्टर म्हणाले, पाणी पाजा, बघू. त्या 'बघू'पासून मी सारखी त्याच्या नाकाशी बोट धरून बसते.

हे पत्र अन्वर कंडक्टरजवळ देते आहे. त्याच्याच परतीच्या गाडीनं उत्तर दे. खरं सांगू? जुडी पुरायला तोंडी निरोपही पुरला असता. तुझ्या शेवंतीचाही घोळणा फुटतो. तू तिला रस आधीच पाजला असशील, अशी आशा धरून बसले आहे मी. सख्खी मावशी असून! शिव्या दे मला. पण पाजला असशील आणि ती अंगणात खेळत असेल, तर सोजरा, माझ्या कचरूसाठी तेवढं लिही.

तुझीच,
अन्नपूर्णा