फोटोतली डावी बाजू

अहो,

वर्ष होत आलं तुम्हाला जाऊन, आणि पहिलंच पत्र लिहितेय ते कबुलीजबाबाचं. तुमची लेन्स माझ्या हातून पडली. आपल्या केतकीच्या साखरपुड्यासाठी कॅमेरा काढायला कपाट उघडलं, पिशवीची चेन उघडीच होती, लेन्स घरंगळून थेट फरशीवर. "हात लावू नकोस, पाडशील," असं इतकी वर्षं म्हणत होतात ना? घ्या, पाडली!

निनाद म्हणाला, "आई, आता डिजिटल घेऊ ना. मतलब, रोल कोण टाकतं आजकाल?" त्याचंही खोटं नव्हतं. पण लेन्स टाकून द्यायला माझा हात होईना. म्हणून प्रताप नगरहून बस पकडून जुन्या शहरात गेले, तुमच्या त्या दुरुस्तीवाल्या रफीकजींकडे.

त्यांनी लेन्स उघडली, भिंग लावून आत पाहिलं आणि म्हणाले, "मैडम, यह तो पहले भी गिर चुका है. अंदर मेरा ही निशान है."

शक्यच नाही, म्हटलं. घरात साहेबांशिवाय कोणी हातच लावत नव्हतं.

रफीकजी हसले. "साहब से ही गिरा था. बोले, घर पर मत बताना."

वा! म्हणजे पाडायची तुम्ही आणि उपदेश आम्हाला! चोर तो चोर, वर शिरजोर.

पुढे ते म्हणाले, त्या पडण्यापासून फोटोत डावीकडे धूसर येतं, हे साहेबांना तेव्हाच सांगितलं होतं. आताही या पडण्याने अडकलेली फोकसची रिंग फिरती करून देईन, पण डावी बाजू तशीच राहणार. नाहीतर दुसरी लेन्स आहे, वापरलेली पण एकदम साफ. "सोच लीजिए."

उद्या सांगते म्हणून मी घरी आले आणि आल्बम काढून बसले.

तुम्ही गेलात तेव्हा भिंतीवर लावायला फोटो मिळेना. आमेर, नाहरगड, मुरलीपुऱ्यात जोशींकडचा गणपती, सगळीकडे तुम्ही डाव्या टोकाला आणि चेहरा पुसट. शेवटी ऑफिसच्या ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. त्यात तुम्ही कुणावर तरी डाफरल्यासारखे दिसता. केतकी कडेवर होती तेव्हाच्या फोटोंत तुम्ही कुठेही उभे आहात, मधे, मागे, आणि स्पष्ट आहात. पण ते तिशीतले मिशीवाले तुम्ही. तो चेहरा मुलांना आठवतही नाही.

मला आपलं वाटायचं, टायमर लावून धावत येता आणि हलता. शेवटच्या दिवाळीत मी सगळ्यांसमोर बोललेसुद्धा, "वय झालं तुमचं, दोन मिनिटं स्थिर उभं राहता येत नाही!" तुम्ही नुसते हसलात. तेव्हा तरी सांगायचं होतं! आता ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"सुमन, उजवीकडे सरक. अजून. निनादला मधे घे." किती वैतागायचे मी त्या सरक-सरकला! वाटायचं, फोटोवाल्यांचं काहीतरी शास्त्र असेल. मग आम्ही सगळे नीट उभे राहिलो की तुम्ही यायचात, उरलेल्या जागी. काल आल्बमचं पान न् पान पाहिलं. आम्हा तिघांपैकी एकजणही कधी त्या टोकाला नाही. एकदाही नाही हो! खूप रडले.

पण राग आहेच. नवी लेन्स घेतली असती तर आम्हाला कळलं असतं, एवढीच ना भीती? मी काय खाल्लं असतं का तुम्हाला? चार दिवस चिडवलं असतं, आणि आज तुमचा एक धड फोटो असता.

आज रफीकजींना सांगून आले, "यही ठीक कर दीजिए." त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. निनादला हवा तर त्याने डिजिटल आणावा, माझी ना नाही.

मुलांना मी सगळं सांगणार आहे, तुमच्यासारखं लपवणार नाही. आणि साखरपुड्याचा एक फोटो याच लेन्सने निघेल. केतकी, जावई, निनाद मधे आणि उजवीकडे. डाव्या टोकाला मी. कोणी कितीही सरक म्हणालं तरी सरकणार नाही, हा शब्द देते.

तुमची,
सुमन